ते रजेवर आहेत, सोमवारी या

‘ते रजेवर आहेत, सोमवारी या’ हे वाक्य कधीच ऐकले नाही असा माणूस सापडणे कठीण आहे. ऐकणारा बहुधा मुकाट्याने परत फिरतो, कारण कोणाच्या रजेबद्दल तक्रार करणे त्यालाही प्रशस्त वाटत नाही; रजा हा हक्क आहे हे तो जाणतो आणि वर्षातून एकदोनदा त्यालाही ती हवी असते. सांगणाऱ्यालाही आपण काही गैर बोललो असे वाटत नाही, कारण त्याने वस्तुस्थितीच सांगितलेली असते. या सगळ्यात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो: ते रजेवर आहेत हे ठीक, पण त्यांचे काम रजेवर का आहे? रजा माणसाला मिळते, पदाला मिळत नाही. तरीही असंख्य आस्थापनांमध्ये माणूस निघाला की त्याच्याबरोबर त्याचे पदही सामान बांधून निघते, आणि ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात कोणाची तरी चूक आहे हेच लक्षात येत नाही.

मोक्याची जागा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वरिष्ठ अधिकारी येतो, परंतु या प्रश्नाच्या दृष्टीने तो सर्वांत कमी अडचणीचा असतो. संस्थेचा प्रमुख आठ दिवस बाहेर जाणार असला तर प्रभारी कोण याचा आदेश निघतो, तो सर्वांना कळवला जातो आणि सहीचे अधिकारही रीतसर सोपवले जातात. खरी अडचण त्याच्या दोन-तीन पायऱ्या खाली असते. महिनाअखेर पगारपत्रक तयार करणारी एकच व्यक्ती, जुन्या संगणक प्रणालीचे कुलूप उघडू शकणारा एकमेव तंत्रज्ञ, परवान्याच्या कोणत्या अर्जाला कोणता अपवाद लागू होतो हे तोंडपाठ असलेला लिपिक, यंत्र कोणत्या आवाजाला बंद करायचे हे कानाने ओळखणारा चालक ही माणसे संघटनेच्या तक्त्यावर ठळक दिसत नाहीत. ती मोक्याच्या जागी आहेत हे त्यांच्या हजेरीतून कधी कळत नाही. ते त्यांच्या गैरहजेरीत कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

रजेच्या हक्काबाबत जगाने पुष्कळ विचार केलेला आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या चोविसाव्या कलमात विश्रांतीचा आणि ठरावीक काळाने मिळणाऱ्या भरपगारी सुट्टीचा हक्क नोंदवलेला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७० साली केलेल्या १३२ क्रमांकाच्या करारात वर्षाच्या सेवेमागे किमान तीन आठवड्यांची भरपगारी रजा सांगितली असून, रजेचे तुकडे पाडायचे झाल्यास त्यांतला निदान एक तुकडा सलग दोन आठवड्यांचा असावा, असेही सर्वसाधारण नियम म्हणून म्हटले आहे. शिवाय पैशाच्या किंवा अन्य मोबदल्यात ही किमान रजा सोडून देण्याचा समझोता त्या कराराने निरर्थक ठरवला आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१८ साली आणखी एक पाऊल पुढे टाकले. कर्मचाऱ्याने अर्ज केला नाही एवढ्याच कारणावरून त्याची रजा आपोआप बुडत नाही, रजा प्रत्यक्ष घेता येईल अशी स्थिती आपण निर्माण केली होती हे मालकाने दाखवले पाहिजे, असा तो निर्णय होता.

या सगळ्या तरतुदी मोलाच्या आहेत, परंतु रजेच्या काळात ते काम कोणी करायचे याविषयी त्या काही बोलत नाहीत. जिथे नियम गप्प असतो तिथे सोय आपली वाट काढते, आणि इथे तिने तीन वाटा काढल्या आहेत. एक, काम तसेच पडून राहते आणि त्याची किंमत खिडकीपुढे उभा असलेला मनुष्य मोजतो. दोन, रजेवर गेलेला मनुष्य फोनवरून काम करत राहतो आणि किंमत त्याच्या घरचे मोजतात. तीन, शेजारच्या टेबलावरचा सहकारी स्वतःचे काम सांभाळून तेही ओढतो आणि किंमत तो मोजतो. ज्याने मोजायला हवी, त्या आस्थापनेला यातल्या कोणत्याही वाटेने छदामही खर्च येत नाही, आणि ही व्यवस्था टिकून राहण्याचे हेच कारण आहे. म्हणून माझे म्हणणे असे की, बदली माणसाची व्यवस्था हा रजा मंजूर करण्याचाच भाग मानला गेला पाहिजे. मोक्याच्या जागेवरच्या माणसाची रजा मंजूर करताना त्याच कागदावर त्याच्या जागी कोण, कोणत्या अधिकारांनिशी आणि किती तारखेपर्यंत, हे लिहिले नसेल तर ती रजा अर्धीच मंजूर झाली आहे असे समजावे, आणि उरलेले अर्धे काम मंजुरी देणाऱ्याचे आहे, मागणाऱ्याचे नाही.

शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले, कारण प्रत्यक्षात नेमके उलट घडते. रजेचा अर्ज घेऊन जाणाऱ्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘तुमचे काम कोण बघणार?’ हा. मग तोच सहकाऱ्यांच्या मागे फिरतो, एखाद्याची मनधरणी करतो, मागच्या वेळच्या उपकाराची आठवण करून देतो. हक्काची गोष्ट अशा रीतीने उसनवारीवर येते, आणि ज्याचे सहकाऱ्यांशी फारसे जमत नाही त्याची रजा तर केवळ त्याच्या स्वभावापायी आखूड होते. माणसे नेमणे, कामे वाटून देणे आणि एकाच्या जागी दुसरा उभा करणे यासाठी व्यवस्थापकाला पगार मिळतो, आणि सकाळी कोणी पाय मोडून पडला तर हे काम तो निमूटपणे करतोही. तीन महिने आधी कळवून घेतलेल्या रजेसाठी मात्र ते जमत नाही, असे का व्हावे?

फोनवरून चालणाऱ्या रजेबद्दल अलीकडे बरीच चर्चा होते. फ्रान्समध्ये जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना, कामाच्या वेळेबाहेर संपर्कातून मोकळे राहण्याच्या हक्काबाबत कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी करणे बंधनकारक झाले. उद्देश चांगला आहे, पण अशा नियमाने फोन बंद होतो, फोन करण्याचे कारण बंद होत नाही. कारण बंद करणारा एक प्रयोग जर्मनीतल्या डाइम्लर कंपनीने केला, तो २०१४ च्या सुमारास बराच गाजला. रजेवर असलेल्या कर्मचाऱ्याला आलेले ईमेल त्याने तशी निवड केली असल्यास आपोआप पुसले जात आणि पाठवणाऱ्याला तसे कळवले जाई. बातम्यांचा सगळा भर पुसण्यावर होता, कारण ती गोष्ट धाडसी वाटते. मला मात्र त्या उत्तरातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो: तातडीच्या कामासाठी कोणाशी संपर्क साधावा त्या सहकाऱ्याचे नाव पाठवणाऱ्याला त्याच उत्तरात मिळत असे. ते नाव नसते तर ईमेल पुसणे हा निव्वळ उद्धटपणा ठरला असता.

तथापि केवळ नाव दिल्यानेही भागत नाही, आणि इथे मला या विषयातल्या सर्वांत दुर्लक्षित गोष्टीकडे यायचे आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कार्यालयात मला एका सहकाऱ्याचे काम तीन आठवडे सांभाळायला सांगितले गेले. तो निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने मला दोन तास बसवून सगळे समजावले, फायलींची यादी दिली, कपाटाच्या किल्ल्या दिल्या. पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आले की मला त्याचे काम मिळाले आहे, त्याचे अधिकार मिळालेले नाहीत. मी प्रत्येक प्रकरण तपासून तयार करू शकत होतो, पण मंजुरीची सही करू शकत नव्हतो. पुरवठादाराची तक्रार ऐकू शकत होतो, पण त्याला तारीख देऊ शकत नव्हतो. तीन आठवडे मी लोकांना अधिक सविस्तर आणि अधिक सौजन्याने परत पाठवले, एवढाच काय तो फरक. सहकारी परतला तेव्हा त्याच्या टेबलावर एक नीट लावलेला, अनुक्रमांक टाकलेला ढीग होता, आणि माझ्या वार्षिक अहवालात त्या तीन आठवड्यांतल्या माझ्या स्वतःच्या मागे पडलेल्या कामाची नोंद होती.

काम आणि अधिकार यांची ही ताटातूट सवयीतून येते. काम दुसऱ्याला देताना कोणाला भीती वाटत नाही, अधिकार देताना वाटते. मग एक तिसराच मार्ग निघतो, जो सर्वांत घातक आहे: रजेवर जाणारा आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देतो. त्या क्षणापासून प्रणालीत नोंद होते एकाच्या नावावर आणि निर्णय घेतो दुसराच. उद्या एखादी रक्कम चुकीच्या खात्यात गेली तर समुद्रकिनारी बसलेला मनुष्य कागदोपत्री जबाबदार ठरतो, आणि प्रत्यक्ष बटण दाबणारा कुठेच नसतो. विश्वासाची खूण म्हणून केलेली ही गोष्ट दोघांनाही एकाच वेळी उघड्यावर टाकते. बदली माणसाला त्याच्या स्वतःच्या नावाने, ठरावीक मुदतीचे आणि ठरावीक मर्यादेचे अधिकार देणे हे आजच्या बहुतेक प्रणालींत थोड्या वेळाचे काम आहे. ते होत नाही, कारण ते करून घेण्याची जबाबदारी कोणाच्याही कामाच्या यादीत लिहिलेली नसते.

अधिकार कसे सोपवावेत याचा नमुना हवा असेल तर तो फार वरच्या पातळीवर उपलब्ध आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत १९६७ साली झालेल्या पंचविसाव्या दुरुस्तीनुसार राष्ट्राध्यक्ष काही काळ काम करू शकणार नसल्यास लेखी पत्र देऊन आपले अधिकार उपराष्ट्राध्यक्षांकडे सोपवू शकतो. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी जो बायडन यांना वैद्यकीय तपासणीसाठी भूल दिली जाणार होती, तेव्हा त्यांनी असे पत्र दिले, आणि शुद्धीवर आल्यानंतर दुसरे पत्र देऊन अधिकार परत घेतले. मधल्या ८५ मिनिटांत ते अधिकार कमला हॅरिस यांच्याकडे होते. सुरुवातीचे पत्र आणि शेवटचे पत्र, यांच्यामध्ये संदिग्धतेला जागाच नाही. जेमतेम दीड तासाच्या भुलीसाठी जे करता येते ते पंधरा दिवसांच्या रजेसाठी करायला पत्राचा एक कागद आणि एक सही एवढेच लागते.

दुसरी गोष्ट चार्ज देण्या-घेण्याची. हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की त्यामागे एक कौशल्य आहे, हे आपण विसरलो आहोत. ते कौशल्य नसले तर काय होते याचे सर्वांत भीषण उदाहरण ६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू उत्पादन मंचावर घडले. दिवसपाळीत एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढली होती आणि तिच्या जागी तात्पुरते झाकण बसवले होते. काम संध्याकाळपर्यंत पुरे झाले नाही. झडप अजून जागेवर नाही ही माहिती रात्रपाळीपर्यंत पोचली नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला तेव्हा चालकांनी हा पंप सुरू केला, झाकणातून वायू फुटला आणि त्यानंतरच्या स्फोटांत व आगीत १६७ माणसे मृत्युमुखी पडली. चौकशी आयोगाने इतर अनेक दोषांबरोबर पाळीबदलाच्या वेळी माहिती देण्याच्या ढिसाळ पद्धतीवर बोट ठेवले. ती बदली काही तासांची होती आणि जाणारा-येणारा दोघेही प्रशिक्षित होते. तीन आठवड्यांची रजा आणि वेगळ्याच विभागातून आलेला बदली माणूस असेल, तर माहिती गळण्याला किती भोके असतील याची कल्पना करावी. सगळीकडे स्फोट होत नाहीत हे खरे. बहुतेक ठिकाणी एखादी मुदत टळते, एखाद्याचे निवृत्तिवेतन अडकते, एखादे औषध दोनदा दिले जाते.

औषधाचा उल्लेख आला म्हणून रुग्णालयांकडे वळतो, कारण या बाबतीत सर्वांत चांगला अभ्यास तिथेच झालेला आहे. उत्तर अमेरिकेतल्या नऊ रुग्णालयांमध्ये निवासी डॉक्टरांच्या पाळीबदलाची पद्धत बदलून पाहिली गेली आणि त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. रुग्ण दाखल झाल्याच्या दहा हजारांहून अधिक नोंदींवर आधारलेल्या या अभ्यासात, टाळता येण्याजोग्या हानीच्या घटना ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. यंत्रे नवी नव्हती, माणसे वाढवली नव्हती. बदलली होती ती सांगण्याची रीत. रुग्ण किती गंभीर आहे हे आधी, मग थोडक्यात इतिहास, मग करायच्या कामांची यादी, मग ‘असे झाले तर असे करा’ ही पूर्वसूचना आणि अखेर ऐकणाऱ्याने आपल्याला काय समजले ते स्वतःच्या शब्दांत परत सांगणे, अशी ती रीत होती.

यातले शेवटचे दोन भाग आपल्या नेहमीच्या चार्जमध्ये सहसा नसतात. आपण चालू कामांची यादी देतो, पण उद्भवू शकणाऱ्या गोष्टींविषयी बोलत नाही. आणि समोरचा मान हलवतो त्यालाच समजणे मानतो. वास्तविक मोक्याच्या जागेवरच्या माणसाचे खरे भांडवल त्या ‘असे झाले तर’ मध्येच असते. रोजचे काम पुस्तिका वाचूनही जमते. अमुक ग्राहक पैसे उशिरा देतो पण बुडवत नाही, तमुक अहवालातला तिसरा रकाना नेहमी चुकीचा येतो, पावसाळ्यात सर्व्हर तापला तर आधी मागचा पंखा बघायचा, हे मात्र कुठेही लिहिलेले नसते. म्हणूनच रजेच्या आदल्या दिवशीचे दोन तास पुरत नाहीत. बदली माणसाने आधी चार दिवस शेजारी बसून आणि मग चार दिवस स्वतः करून, मूळ माणूस समोर असताना, चुका करून घ्याव्यात. त्याशिवाय ती शिकवण पक्की होत नाही. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ यान सुटण्याच्या अवघे काही दिवस आधी, जर्मन गोवराचा संसर्ग होण्याची शक्यता म्हणून केन मॅटिंगली यांना उतरवून जॅक स्वाइगर्ट यांना बसवले गेले. हे शक्य झाले, कारण राखीव चमूतल्या माणसानेही महिनोन्‌महिने तोच सराव केलेला होता. अंतराळवीरांएवढा खर्च कोणी करावा असे मी म्हणत नाही, पण राखीव माणूस ऐनवेळी शोधायचा नसतो एवढे तरी त्यातून घेता येईल.

आता एका अशा क्षेत्राकडे वळू, जिथे रजा घेणे हा हक्क राहिलेला नसून कर्तव्य झाले आहे. बँकिंग व्यवसायात संवेदनशील पदांवरच्या लोकांनी वर्षातून एकदा सलग काही दिवस सक्तीने दूर राहावे असा दंडक अनेक देशांत आहे. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने १९९६ च्या अखेरीस सलग दोन आठवड्यांच्या अनुपस्थितीची शिफारस केली. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनेनुसार अशा कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा किमान दहा कामाच्या दिवसांची सलग रजा द्यायची असते, तीही पूर्वसूचना न देता, आणि त्या काळात कार्यालयीन ईमेल वगळता कामाच्या कोणत्याही साधनाला त्यांचा हात लागू द्यायचा नसतो. यामागचे कारण सरळ आहे: लपवाछपवीला रोज पाणी घालावे लागते. २००८ च्या जानेवारीत फ्रान्सच्या सोसिएते जनराल बँकेत जेरोम केर्विएल याच्या अनधिकृत व्यवहारांमुळे ४.९ अब्ज युरोंचा तोटा उघडकीस आला, तेव्हा आदल्या संपूर्ण वर्षात त्याने जेमतेम चार दिवस रजा घेतल्याचे पुढे आले. जो कधीच सुट्टी घेत नाही तो निष्ठावान, ही समजूत त्या बँकेला बरीच महाग पडली.

पण हा नियम केवळ चोर पकडण्यासाठी आहे असे मानले तर त्याचा अर्धा उपयोग वाया जातो. रजेच्या काळात दुसऱ्याने तेच काम केले की अफरातफर उघडी पडते तशाच प्रामाणिक माणसाच्या प्रामाणिक चुकाही उघड्या पडतात, जुनाट पद्धती दिसतात, आणि एकाच डोक्यात साठलेले ज्ञान निदान दोन डोक्यांत जाते. बँकांनी हे अनुभवातून, ठेच लागून शिकून घेतले. इतरांनी ठेचेची वाट का बघावी हे मला उमगत नाही.

इथे एका नाजूक गोष्टीला हात घातला पाहिजे. बदलीची व्यवस्था न होण्याला केवळ व्यवस्थापन जबाबदार नसते. पुष्कळदा स्वतः मोक्याच्या जागेवरच्या माणसालाच ती नको असते. ‘माझ्याशिवाय इथले पान हलत नाही’ या वाक्यात तक्रार जितकी असते तितकाच अभिमानही असतो. रजेवरून आल्यावर सगळे विस्कटलेले दिसले तर वरवर चिडचीड होते आणि आतून बरे वाटते. या भावनेला हसणे सोपे आहे, पण तिच्या मुळाशी असलेली भीती अगदीच निराधार नाही. आपल्यावाचून तीन आठवडे सुरळीत गेले तर चौथ्या आठवड्यापासून आपली गरज काय, असा हिशेब कोणी मांडणार नाही याची हमी त्याला कोणी दिलेली नसते, आणि असा हिशेब मांडणारे महाभाग व्यवस्थापनांत असतातही. त्यामुळे बदली माणसाला शिकवणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे असे त्याला वाटले तर दोष एकट्या त्याचा नाही. रजेच्या काळातल्या सुरळीतपणावरून पद कमी करणार नाही, उलट आपल्या मागे काम नीट चालेल अशी तयारी करून जाणाऱ्याच्या अहवालात ती जमेची बाजू म्हणून नोंदवली जाईल, हे संस्थेने आधी लेखी सांगितले पाहिजे. तसे सांगितल्यावरही जो आपले ज्ञान मुठीत धरून बसेल त्याची बाजू मी घेणार नाही.

या मांडणीवर सर्वांत वजनदार आक्षेप लहान आस्थापनांचा आहे. जिथे सगळे मिळून चार माणसे आहेत तिथे प्रत्येक जण मोक्याचाच असतो, आणि राखीव माणूस ठेवणे म्हणजे पगारखर्च एक चतुर्थांशाने वाढवणे. हा आक्षेप मी खरा मानतो. त्यावर दोन उत्तरे सुचतात, दोन्ही अपुरी आहेत. एक म्हणजे समान काम करणाऱ्या लहान आस्थापनांनी आपसांत बदलीची सोय करणे. एकट्याने दवाखाना चालवणारे डॉक्टर हे पूर्वापार करत आले आहेत. दुसरे म्हणजे काम ठरावीक काळासाठी उघडपणे बंद ठेवणे. दार उघडे, दिवे चालू, माणूस खुर्चीवर आणि काम मात्र होत नाही, यापेक्षा महिनाभर आधी जाहीर केलेली आठ दिवसांची बंदी पुष्कळ प्रामाणिक आहे, कारण तिच्यात येणाऱ्याची खेप वाचते. काही कामे अशीही असतात की ती खरोखरच दुसऱ्याला देता येत नाहीत: गुंतागुंतीची शस्त्रक्रिया, अर्ध्यावर आलेली वाटाघाट, वर्षानुवर्षे एकाच समुपदेशकाशी बोलणारा रुग्ण. तिथे बदलीचे नाटक करू नये. काय थांबेल, किती दिवस थांबेल आणि थांबल्याने कोणाला धोका असल्यास त्याने कुठे जावे, हे आधी सांगावे. मोठ्या आस्थापनांना मात्र ही सवलत नाही. शेकडो माणसे असलेल्या ठिकाणी एका लिपिकाच्या रजेने खिडकी बंद राहत असेल तर तिथे माणसांची चणचण आहे की नियोजनाची, हे वेगळे सांगायला नको.

बदली माणसाच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे, कारण सगळ्या चर्चेत त्याचा आवाज सर्वांत क्षीण असतो. अतिरिक्त कार्यभार या शब्दातला ‘अतिरिक्त’ त्याच्यापुरता शंभर टक्के खरा असतो: मूळ काम तसेच, मुदती त्याच, वर हे. दोन माणसांचे काम एकजण पंधरा दिवस करू शकतो असे गृहीत धरणे म्हणजे एरवी दोघेही अर्धा वेळ रिकामे बसतात असे म्हणण्यासारखे आहे. त्याच्या मूळ कामातले काय या काळात थांबवायचे हे ठरवून त्याला लेखी सांगावे, आणि वरच्या दर्जाचे काम करत असेल त्या दिवसांचा त्या दर्जाचा मोबदला द्यावा. मुदत तर हवीच. तात्पुरता म्हणून घेतलेला कार्यभार रजा संपून माणूस दुसरीकडे गेला तरी अंगाला चिकटून राहिल्याची आणि वर्षभराने तोच कायमचा झाल्याची उदाहरणे ज्याच्या परिचयात नाहीत तो नोकरदार भाग्यवान म्हणायचा.

कायदा हवा का, असा प्रश्न येईल. दंडाची तरतूद असलेला नवा कायदा मी मागणार नाही. रजेच्या विद्यमान नियमांत एक वाक्य वाढवले तरी पुष्कळ होईल, की विशिष्ट संख्येपेक्षा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने लोकांशी थेट संबंध येणाऱ्या आणि सुरक्षेशी निगडित अशा प्रत्येक पदासाठी बदली व्यक्तीचे नाव आगाऊ ठरवून जाहीर ठेवावे. जाहीर यासाठी, की ‘सोमवारी या’ असे ऐकणाऱ्याला त्या नावाची मागणी करता यावी.

परतीच्या दिवसाबद्दल एक शेवटचा मुद्दा राहतो. रजेवरून आलेला माणूस पहिल्या सकाळी काय पाहतो यावर पुढची रजा अवलंबून असते. ढीग असेल तर तो पुढच्या वेळी जाणार नाही, किंवा गेला तरी फोन उशाशी घेऊन झोपेल. म्हणून चार्ज परत घेण्यासाठीही अर्धा दिवस राखून ठेवावा: कोणते निर्णय झाले, का झाले, काय मुद्दाम थांबवले, कोणाला काय शब्द दिला. आणि बदली माणसाने त्याच्या अधिकारात घेतलेला निर्णय, तो आपण घेतला नसता एवढ्याच कारणाने, परतलेल्या माणसाने फिरवू नये. तो एकदा जरी फिरवला तर पुढच्या वर्षी त्या खुर्चीवर बसणारा सही करणार नाही. तोही येणाऱ्याला सोमवारीच बोलावील.